गळका ट्रेलर : कर्ज काढण्याआधी प्लाय तपासा

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. नवराबायको दोघंही नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडीच्या मागे जोडून न्यायचा कॅराव्हॅन ट्रेलर ५ लाख ८० हजारांना सेकंडहँड घेतला. बदलापूरजवळ ओळखीच्यांच्या प्लॉटवर महिना ३ हजार भाडं देऊन तो उभा असतो. गेल्या पावसाळ्यात पलंगावरच्या कोपऱ्यातून पाणी आलं, प्लाय फुगला आणि कुबट वास अजून जात नाही. फॅब्रिकेटरने छतावर फायबरचा नवा पत्रा आणि आतून नवं पॅनेलिंग, असे मिळून १ लाख ८० हजार सांगितलेत. मिस्टर म्हणतात पर्सनल लोन काढू, नाहीतर लेकीच्या बारावीनंतरच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडू. ताईंना वाटतं, विकून मोकळं व्हावं. एक गिऱ्हाईक आहे तसा अडीच लाखांना न्यायला तयार आहे. कोरडा असता तर चार दिले असते, असं त्याचं म्हणणं.

ताई, या तिन्हीपैकी काहीच आज करू नका. पाणी नेमकं कुठून शिरतंय हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, फॅब्रिकेटरलाही नाही. त्याच्या कोटेशनमध्ये पत्रा आहे, पॅनेल आहे, मजुरी आहे. पण जुना प्लाय वाळवण्याचा किंवा कुजलेला भाग काढण्याचा उल्लेखही नाही. ओल्या लाकडावर फायबर चढवलं की आतली ओल आतच कोंडते. वरून छत नवंकोरं दिसेल आणि खाली फ्रेम कुजत राहील. शिवाय वजन वाढेल ते वेगळं; तुमची गाडी किती वजन ओढू शकते तेही पाहायला हवं.

कळंबोलीत गाड्यांची बॉडी बांधणारे माझे एक अशील आहेत. त्यांच्याकडून मी हे नीट समजून घेतलं, कारण सगळा हिशोब यावरच उभा आहे. ओल जिथे दिसते तिथूनच पाणी शिरलेलं असतं असं नाही. ते छताच्या सांध्यातून शिरतं, फ्रेमच्या कडेने किंवा वायरिंगच्या पाइपमधून सरकत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात टपकतं. संशयाच्या जागा ठरलेल्या असतात : छतावरच्या झडपेची कड, एसीखालचं गॅस्केट म्हणजे रबरी पट्टी, कोपऱ्यांच्या अॅल्युमिनियम पट्ट्यांचे स्क्रू, मागचे-वरचे छोटे दिवे, खिडकीची वरची बाजू. सांध्यांत भरलेला सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, उन्हाने वाळून तडकतो, आणि खड्ड्यांतून ओढताना सांधे हलून उरलासुरलाही सुटतो.

येत्या रविवारी दोघांनी बदलापूरला जा. आधी लाकडातली ओल मोजा, पाणी नंतर मारा. ओल मोजायचा दोन पिनांचा मीटर ऑनलाइन मिळतो. पलंगावरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून वीतभर अंतरावर टोचत जा आणि प्रत्येक आकडा तिथेच पेन्सिलीने लिहा. २० टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे लाकूड कुजण्याच्या वाटेवर. पलंगाखालची जमीन अंगठ्याने दाबून पाहा, आत जाते का. बाहेरच्या भिंतीवर बोटाने टकटक करत फिरा. जिथे आवाज बदलतो आणि पत्रा फुगीर लागतो, तिथे आतला थर सुटलेला असतो.

मग पाइप घ्या. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. पण खालून वर, एका वेळी एकच जागा, प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं. वरून एकदम पाणी ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. तरी सापडलं नाही तर वर्कशॉपमध्ये ब्लोअरने आत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात. फट असेल तिथे बुडबुडे येतात. या तपासणीवर ५-७ हजार गेले तरी जाऊ द्या.

आता पैशांचं. ५ लाख ८० हजार विसरा. ते गेले, कुठल्याही निर्णयाने परत येणार नाहीत. आज अडीच आणि कोरडा असताना चार, म्हणजे दुरुस्तीने किंमत फार तर दीड लाखाने वाढेल. त्यासाठी १ लाख ८० हजार घालायचे तर ३० हजारांचा तोटा आधीच ठरलेला. त्यात ३ वर्षांचं लोन १४ टक्क्यांनी धरलं तर हप्ता साधारण ६,१५० रुपये आणि एकूण व्याज ४१ हजारांवर. हे लोन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एफडीला तर हातच लावू नका. फी पुढच्या वर्षी भरायची आहे, आणि त्या तारखेला ट्रेलर कोरडा आहे की ओला, हे कॉलेज विचारणार नाही.

विम्याचंही मिस्टरांनी विचारलंय. वादळ, पूर, पाणी तुंबणं यांनी झालेलं नुकसान मोटार पॉलिसीत बसतं. झीज बसत नाही, आणि वाळलेला सीलंट ही झीजच. वादळाचं नाव सांगून क्लेम करू नका. पॉलिसीत ट्रेलरची वेगळी नोंद आहे का, तेवढं मात्र बघून घ्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि स्वतःचं टॉयलेट बरोबर असल्यामुळेच ते गेल्या वर्षी चिपळूणला येऊ शकले. हे मी हौसेच्या खात्यात टाकणार नाही. वर्षाला ३६ हजार नुसतं भाडं जातं, हॉटेलशी तुलना केली तर ट्रेलर परवडत नाही; पण मुंबई-गोवा रस्त्यावर त्यांना तासन्‌तास अवघडून बसवायचं का, याचं उत्तर तुलनेत मिळत नाही. म्हणून ठेवण्याच्या बाजूने मी थोडी ढील देतो.

आकडे सगळीकडे २०च्या खाली आले आणि जमीन टणक असली, तर सांधे उघडून जुनं सीलंट पूर्ण खरवडायचं, पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वर पॉलियुरेथेन सीलंट लावायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन जुन्यावर थापू नका, ते धरत नाही आणि पुढे त्यावर दुसरंही काही चिकटत नाही. यासाठी ३० हजारांपर्यंत खर्च करा, दोघांच्या पगारातून. तेवढा एकच कोपरा कुजला असेल तर ७० हजारांपर्यंत, पण कर्ज न काढता, दोन टप्प्यांत : आत्ता गळती बंद, प्लाय दिवाळीनंतर. जमीन दबत असेल किंवा भिंत फुगली असेल, तर मिळतील ते अडीच लाख घ्या. गिऱ्हाइकाला गळती स्वतःहून दाखवा, लेखी घ्या आणि आरसीवरचं नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. ठेवायचा ठरला तर प्लॉटवाल्यांशी पत्र्याच्या शेडचं बोला, महिना हजार जास्त पडले तरी चालतील. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. वाऱ्याने ती सीलंट घासते आणि आत हवा खेळू देत नाही. मीटरचे आकडे मला पाठवा, पलंगावरच्या कोपऱ्याचे वेगळे लिहून. फॅब्रिकेटरला तोवर ॲडव्हान्स देऊ नका.