वेळेची रोजकीर्द

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सकाळी साडेनऊला कर सल्लागाराच्या कार्यालयात बसूनही रात्री आठला उठताना आज नेमके काय झाले हे सांगता येत नाही, ही तुझी तक्रार मला नवी नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्याचे हिशेब लिहीत असताना पहिली काही वर्षे मीही असाच रिकाम्या हातांनी घरी येत असे. वेळेचे नियोजन करणारे एखादे अ‍ॅप सुचवा, असे तू लिहिले आहेस. अ‍ॅप पुढे पाहू. आधी चाळीस पानी वही घे.

रोकड जुळली नाही तर आपण गल्ल्याला दोष देत नाही, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडतो. वेळेचेही तेच करावे. आठ दिवस, दर अर्ध्या तासाला, जे केले ते एका ओळीत लिही. रात्री आठवून लिहू नकोस, कारण आठवणीतून लिहिलेल्या नोंदी नेहमी आपल्या बाजूने झुकतात. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला वाटत होते की माझा वेळ बँकेच्या खेपांत जातो. प्रत्यक्षात एक साधा ताळमेळ मी एका दुपारी नऊ वेळा सोडून नऊ वेळा हाती घेतला होता.

अशा सोडून-धरण्याचे मोल मला मागावरच्या कारागिराने शिकवले. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवावा लागतो, धागा शोधून ओवावा लागतो, गाठ मारावी लागते. त्यात मिनिटे जातातच, पण पुन्हा सुरू केलेल्या जागी विणीत बारीक फरक राहू शकतो आणि तो तपासणीच्या टेबलावर दिसतो. म्हणून जाणता कारागीर धागा जोडण्याच्या वेगाची फुशारकी मारत नाही. धागा मुळात तुटू नये म्हणून तो सूत, खळ आणि ताण यांकडे पाहतो. तुझ्या कामात धागा तोडणारी गोष्ट म्हणजे ‘झाले का हो?’ एवढेच विचारणारा पक्षकाराचा फोन. सकाळचे पहिले दोन तास आकडेमोडीच्या कामासाठी राखून ठेव, आणि फोनची उत्तरे साडेअकराला व साडेचारला एकदम दे. साहेबांना हे आधी सांग. चोरून केलेली शिस्त चार दिवसही टिकत नाही. सकाळच म्हणतो, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीन वाजता अवघड विवरणपत्र तपासणे म्हणजे चुकांना आमंत्रण आहे. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येते त्या वेळी सोलापुरात कोणी पाहुण्यांना जेवायला बोलावत नाही. तेवढा मान त्या दोन तासांना मिळाला तरी पुष्कळ झाले.

आता तारखांबद्दल. आपल्या व्यवसायाचे सुख असे की बहुतेक धावपळ आधीच ठाऊक असते. टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या प्राप्तिकराचा, भरणा ७ तारखेपर्यंत, जीएसटीआर-१ हे विक्रीचे मासिक विवरणपत्र ११ पर्यंत, भविष्य निर्वाह निधी १५ पर्यंत, जीएसटीआर-३बी हे जीएसटी भरण्याचे मासिक विवरणपत्र २० पर्यंत. तरीही १९ च्या रात्री कार्यालयात दिवे जळतच असतात. ३बी उशिरा गेले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज, हे तुला मी सांगायला नको. जानेवारीत तर डिसेंबर महिना आणि तिमाही दोन्ही एकदम संपलेली असतात, आणि नेमकी त्याच पंधरवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा येते. नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, कारागीर सुटीवर जातात, पक्षकाराच्या दुकानाचा मुनीम गड्ड्याच्या जत्रेत असतो. मग खरेदीची बिले कोण देणार? म्हणून जानेवारीत लागणारी बिले २६ डिसेंबरपासून मागायला लाग. मुदतीची तारीख भिंतीवर लिहू नकोस, काम सुरू करण्याची तारीख लिही. माझ्या मते वेळेच्या नियोजनात याहून उपयोगी सवय दुसरी नाही.

होकाराच्या बाबतीत मात्र मी स्वतः चुकलेला माणूस आहे. कोणी काम सांगितले की ‘ठेवा, करतो’ म्हणण्यात मला मोठेपणा वाटे. अशा शब्दांची उधारी एवढी साचली की एकदा विक्रीकराचे चलन भरायचा दिवस माझ्याच हातून निसटला, आणि मालकांनी दंड भरताना एक शब्दही काढला नाही. ते अधिक लागले. तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी वही उघडून ‘गुरुवारी दुपारनंतर चालेल का?’ असे विचारू लागलो. आश्चर्य म्हणजे बहुतेकांना गुरुवार चालत असे.

जेवणाचा डबा संगणकासमोर उघडू नकोस, एवढे तुझ्या आईच्या वतीने लिहितो.

या महिन्याची २० तारीख उलटल्यानंतरच्या रविवारी सकाळी घरी ये. येताना आठ दिवसांची वही आण, आणि तीत एखादा दिवस कोरा राहिला असेल तर तो तसाच राहू दे, येण्याआधी भरू नकोस.

तुझा,
काका