सतरावी शाखा निघाली तर?

प्रश्न : मी इचलकरंजीत एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे, १४ शाखांचं नेटवर्क सांभाळतो. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं सीसीएनए हे पायाभूत सर्टिफिकेट झालंय. आता सिस्कोचीच ३००-४२०, म्हणजे नेटवर्क डिझाइनची परीक्षा द्यायची आहे. कमांड हाताखालच्या आहेत, पण सरावाच्या प्रश्नांत दरवेळी दोन पर्याय बरोबर वाटतात आणि माझा नेमका चुकतो. मित्र म्हणतो, डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) घे आणि मोकळा हो. ताई, काय करू?
— एक वाचक

उत्तर : दोन पर्याय बरोबर वाटतात, कारण बहुतेक वेळा दोन्ही चालणारेच असतात. ‘चालेल का’ हा प्रश्न सीसीएनएत संपला. इथे याच गिऱ्हाइकाला कुठलं बसेल ते शोधायचं, आणि त्याची अट अर्ध्या वाक्यात दडलेली असते. ‘काही राउटर दुसऱ्या कंपनीचे आहेत’ एवढं दिसलं की ईआयजीआरपी या मुख्यतः सिस्कोच्याच राउटरांवर चालणाऱ्या राउटिंग पद्धतीवर काट मारा, सगळ्यांकडे चालणारं ओएसपीएफ उरतं.

मी हे ठेच लागून शिकले. एका साखर कारखान्याला मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी सुचवल्या होत्या. कागदावर झकास. ऐन गाळपात पाइपलाइनसाठी जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही गेल्या, कारण गेटपासून आतपर्यंत दोन्ही केबल एकाच चरातून आणल्या होत्या. वजनकाट्यावरचा संगणक ठप्प, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. केबल येते कुठून, हे मी विचारलंच नव्हतं. डिझाइनच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तीही याच खोडीने : प्रश्न पुरता वाचायच्या आत डोक्यात कमांड तयार!

तुमच्याकडे तर १४ शाखांची प्रयोगशाळा आयती आहे. एक वही घ्या. समजा, प्रत्येक शाखेला /२२, म्हणजे १०२४ पत्त्यांचा गट दिला. पहिली १०.२०.०.०, दुसरी १०.२०.४.०, तिसरी १०.२०.८.०. एकेका शाखेत चार /२४ (२५६ पत्त्यांचे गट) बसतात : काउंटर, एटीएम, कॅमेरे, फोन. चौदावी येते १०.२०.५२.० वर, आणखी दोन शाखांपुरती जागा उरते आणि सगळा पसारा १०.२०.०.०/१८ या एका ओळीत मावतो. बारा माणसांच्या शाखेला हजार पत्ते कशाला, असं साहेब विचारतील. खासगी पत्त्यांना भाडं पडत नाही म्हणावं. एका ओळीमुळे राउटिंग टेबल, म्हणजे राउटरकडची वाटांची यादी, आटोपशीर राहतं, आणि एखाद्या शाखेची लाइन सारखी ये-जा करू लागली तर त्याची झळ सगळ्या राउटरांना लागत नाही. आता स्वतःला विचारा, सतरावी शाखा निघाली तर?

दुसरं पान मुख्य कार्यालयातल्या दोन मोठ्या स्विचचं. एचएसआरपीत (एक स्विच पडला तर दुसरा गेटवेचं काम घेतो ती सोय) ॲक्टिव्ह एक आणि स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधले फेरे तोडणारी पद्धत) रूट दुसराच, असं निघालं तर पॅकेट विनाकारण दोघांमधल्या लिंकवरून वळसा घालतंय. बघा तुमच्याकडे काय आहे ते; मला शंका आहे.

अभ्यासक्रमात ॲड्रेसिंग-राउटिंग आणि कॅम्पस मिळून निम्मा भार आहे. ऑटोमेशन १० टक्के, त्यात महिना घालवू नका.

डम्पचं म्हणाल, तर त्यातली उत्तरंही कुणीतरी अंदाजानेच टिक केलेली असतात, आणि प्रकरण उघडकीला आलं तर सिस्को सर्टिफिकेट काढून घेऊ शकते. मुलाखतीला असे उमेदवार माझ्यासमोर बसलेत. एक अट बदलली की गप्प.

पेपर ९० मिनिटांचा. पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, म्हणून सरावही घड्याळ लावून आणि मागे न वळता करा. ही परीक्षा ज्याचा भाग आहे ते सीसीएनपी हे वरच्या पायरीचं सर्टिफिकेट पदरात पडायला ३५०-४०१ हा कोअर पेपरही लागतो. आधी कुठला द्यायचा ते तुमच्यावर; वही भरली असेल तर मी ३००-४२०च आधी दिला असता. सतराव्या शाखेचं पान मात्र मला पाठवा.