प्रथिने नॅनोकणांना का चिकटतात?

प्रश्न : झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे नॅनोकण रक्तात मिसळताच प्रथिने त्यांना चिकटतात, असे वाचले. विरुद्ध विद्युतप्रभारांचे आकर्षण एवढेच त्यामागचे कारण आहे काय?

उत्तर : प्रभाराचे कारण खरे आहे, पण ते पुरेसे नाही. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो आणि त्या सामूला अल्ब्युमिन हे प्रथिन ऋणप्रभारित असते. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग सामू ९ च्या आसपास पोहोचेपर्यंत धनप्रभारित राहतो, त्यामुळे त्यांचे आकर्षण सहज उलगडते. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग मात्र सामू ६ च्या सुमारासच प्रभारहीन होतो, म्हणजे रक्तात तोही ऋणप्रभारितच असतो; तरीही अल्ब्युमिन त्याला चिकटते, आणि माझ्या मते या विषयातली खरी रोचक गोष्ट हीच आहे.

पाण्यातल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (–OH) गट असतात आणि त्यांना पाण्याचे रेणू बिलगलेले असतात. प्रथिन तेथे टेकले की यांतले बरेचसे पाणी आणि आयन मोकळे होतात, त्यामुळे एन्ट्रॉपी (म्हणजे अव्यवस्थेचे माप) वाढते आणि ही वाढ प्रभारांच्या विकर्षणावर मात करू शकते. शिवाय एकूण ऋणप्रभारित असलेल्या प्रथिनावरही लायसिन या अमिनो आम्लामुळे धनप्रभाराचे पट्टे असतात, तर अस्पार्टिक आणि ग्लुटामिक या अमिनो आम्लांचे ऋणप्रभारित कार्बोक्सिलेट गट टायटॅनियमच्या अणूंशी थेट बंध जोडू शकतात. द्रावणातला फॉस्फेट याच जागांसाठी स्पर्धा करतो, म्हणून कोणते बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) वापरले हे न सांगणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

प्रथिनांच्या या आवरणाला ‘प्रोटीन कोरोना’ म्हणतात. ते स्थिर नसते : विपुल असलेली प्रथिने आधी बसतात आणि अधिक ओढ असलेली प्रथिने पुढे त्यांची जागा घेतात.

चिकटलेल्या प्रथिनाची घडी, म्हणजे त्याची त्रिमितीय रचनाही बदलू शकते. सिलिका काटेकोर अर्थाने धातूचे ऑक्साइड नसले, तरी २००४ मध्ये तिच्या कणांवर लायसोझाइम हे प्रथिन बसवून केलेल्या अभ्यासात कण जितका मोठा, तितकी प्रथिनाची घडी अधिक मोडलेली आढळली. लहान कणाच्या वक्र पृष्ठभागाशी प्रथिनाचा स्पर्श कमी होतो, हे त्याचे कारण.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. हे कण अंशतः विरघळतात आणि सुटलेले झिंकचे आयन प्रथिनातल्या हिस्टिडिन व सिस्टीन या अमिनो आम्लांना धरतात. म्हणून प्रथिनात दिसलेला बदल कणामुळे झाला की आयनांमुळे, हे ठरवण्यासाठी विरघळणाऱ्या झिंक क्षारासोबत तोच प्रयोग स्वतंत्रपणे करावा लागतो.