उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घरात हिवाळा

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचं घर नवऱ्याच्या पणजोबांनी बांधलेलं. दीड फुटी मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं), समोर सपरी (पडवी), मागे सांदवाडी (परस). मधल्या खोलीत सासूबाई झोपतात, वय ७८. धानाची कापणी आटोपली की रात्री कुठून वारा शिरतो ते समजत नाही, देवापुढच्या दिव्याची वात सारखी हलत असते. सासूबाई खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात आणि दारं लावून झोपतात. नको म्हटलं की रागावतात. यजमान म्हणतात, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करू, कवेलू काढून टिना (पत्रे) टाकू आणि मोठा हिटर आणू. एवढा पैसा कुठून आणायचा याचीच मला काळजी. आधी काय करावं? – एक वाचक, साकोली तालुका

उत्तर : ताई, बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, पण ते घमेलं आज रात्रीच खोलीबाहेर गेलं पाहिजे.

निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून आपल्याकडे त्याची भीती कुणाला वाटत नाही. पण बंद खोलीत निखारा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. माझी आत्या आणि तिची नात अशाच एका पहाटे उठल्या नाहीत. दूधवाल्याने दार ठोठावलं, शेजाऱ्यांनी ते मोडलं. दोघींना उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं, पायांत उभं राहायचं बळ नाही. दोघी वाचल्या. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि आत्याला खाटेवरून उचलून अंगणात आणताना पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. आजवर सासूबाईंना ज्यांनी वाचवलं त्या याच फटी, ज्यांची तुम्ही तक्रार करता. वर कवेलूतून आणि खाली दारातून हवा खेळत होती म्हणून तो वायू साचला नाही. आता मी फटी बुजवायला सांगणार आहे. फटी बुजल्या आणि घमेलं आतच राहिलं, तर गारठ्याच्या घराचं तुम्ही जीवघेणं घर कराल. म्हणून आधी घमेलं बाहेर, मगच फटी.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना पायांशी ऊब हवी आहे आणि ते मागणं रास्तच आहे. संध्याकाळी सपरीत, उघड्यावर, घमेल्याभोवती बसू द्या. नऊ वाजता ते सांदवाडीत नेऊन पाणी टाकून विझवा. त्याच वेळी चुलीच्या कडेला तापत ठेवलेल्या दोन भाजक्या विटा काढा. विटा कोरड्याच हव्यात, ओली वीट तापताना फुटते. गोणपाटाच्या दोन घड्यांत गुंडाळून पांघरुणाखाली पायांकडे ठेवा, बराच वेळ ऊब धरतात. माझी आई शेवटपर्यंत विटांवरच निजली. सासूबाईंना साखरेचा आजार असेल तर मात्र झोपण्याआधी वीट काढून घ्यायची, कारण अशा पायांना चटका बसलेला कळत नाही. रबरी पिशवीतल्या गरम पाण्यालाही हाच नियम.

आता वारा. आमचे वडील गवंडी होते, मीही तीस-पस्तीस वर्षं मातीच्याच घरांत हात घातला. माणसं दारं-खिडक्यांकडे बघतात, वारा मात्र डोक्यावरून जातो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आठवत असेल. त्या रात्री मी अगरबत्ती पेटवून आमचं सगळं घर फिरलो. धूर सरळ वर गेला तर ठीक, तिरपा झाला तर तिथे फट. दाराच्या चौकटीपाशी फारसं काही नव्हतं. खरी वाट होती भिंतीच्या माथ्यावर, जिथे छपराचे लाकडी फाटे भिंतीवर टेकतात आणि दोन फाट्यांच्या मधे हात जाईल एवढी मोकळी जागा राहते. खोलीतली गरम हवा तिथून वर निघून जाते आणि तिची जागा भरायला मागच्या दाराखालून गार हवा आत ओढली जाते. वरची वाट आवळली की खालचा झोतही आपोआप मंदावतो. तुम्हीही दिवेलागणीनंतर अगरबत्ती घेऊन फिरा आणि जिथे धूर तिरपा होईल तिथे कोळशाने खूण करा.

भरायला बाजारातून काही आणू नका. तुमच्याकडे या दिवसांत तणसाला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, तोटा नाही. जुन्या बारदान्याचे हातभर तुकडे कापा, त्यांत कोरडं तणस आणि मूठभर वाळलेला कडुलिंबाचा पाला दाबून भरा, तोंड शिवा आणि दोन फाट्यांमधे ठोसून बसवा. मातीने लिंपू नका, कारण होळीपर्यंत ते काढायचे आहेत. मागच्या दाराखाली जुन्या लुगड्याची लांब नळी शिवून तिच्यात वाळू भरून टाका. ती जड असते, पायाने सरकत नाही. स्वयंपाकघरात मात्र यातलं काही करायचं नाही. चुलीची ठिणगी तणसाला लागायला वेळ लागत नाही, शिवाय धुराला तिथूनच जायचं आहे. त्या खोलीचं मधलं दार लावून ठेवलं की पुरे. आणि सासूबाईंच्या खोलीत वरच्या बाजूची एक लहान झडप बोटभर उघडी राहू द्या. कितीही गारठा असला तरी.

फुटके कवेलू बदलायला मात्र माणूस लावा. वानरांच्या उड्यांनी किती फुटलेत ते दिवसा खोलीत अंधार करून वर पाहिलं की उजेडाच्या ठिपक्यांवरून मोजता येतं. पावसाळ्याआधी घर फेरतो, म्हणजे कवेलू काढून पुन्हा नीट लावतो, पण कापणीनंतर वानरं पुन्हा गावात येतात. आमच्याकडे दरवर्षी पंधरा-वीस तरी जातात.

खोली सगळी तापवायची नाही, सासूबाईंची खाट तापवायची. मी सर्वांत जास्त भर यावरच देतो. खाट बाहेरच्या उत्तर भिंतीला लागून असेल तर ती चुलीच्या बाजूच्या आतल्या भिंतीकडे घ्या. चार काठ्या बांधून मच्छरदाणी लावा आणि तिच्या माथ्यावर व तीन बाजूंनी जाड चादर टाका. चौथी बाजू नुसत्या जाळीची राहू द्या, श्वासासाठी. माणसाच्या अंगातून सुटणारी ऊब कवेलूपर्यंत जाण्याऐवजी तिथेच राहते. गारवा खालूनही येतो. सुंभाच्या खाटेखाली हवा मोकळी फिरते, त्यामुळे वर दोन रजया घेऊनही पाठ गार राहते. गादीखाली तणस भरलेलं पोतं अंथरा. पूर्वी पाहुणे आले की आपण तणसावरच झोपायचो, त्यात कमीपणा नाही. गादीचा कापूस दबला असेल तर पिंजून घ्या. फुगलेल्या कापसात हवा अडकते आणि ऊब ती हवा धरते. आणि कानटोपी रात्रीही हवी.

दिवसाचं काम म्हणजे ऊन. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, आपल्याकडे भर दुपारीही तो आकाशात निम्म्यावरच चढतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या मधोमध येतं. पण आपल्या घरांत दक्षिणेची खिडकी सहसा बंद असते, नाहीतर तिच्यापुढे धान साठवायची ढोली उभी असते. ढोली उचलून उत्तरेच्या भिंतीकडे न्या. या महिन्यात ती नव्या धानाने भरलेली असते, आणि भरलेली ढोली म्हणजे गार भिंतीपुढे उभा केलेला जाड पडदा. भिंतीपासून चार बोटं अंतर आणि खाली लाकडी फळ्या ठेवा, नाहीतर ओल धान खराब करील. दहा ते चार खिडकी उघडी, चारनंतर बंद. ऊन कलल्यावर तासभर जरी उघडी राहिली तरी दिवसाची कमाई जाते. भिंत आणि जमीन जी ऊब पितात ती हळूहळू परत देतात, मातीचा हा गुण विटा-सिमेंटच्या पातळ भिंतीत नाही.

आता यजमानांसाठी, त्यांनाही हे वाचायला द्या. मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करू नका, मी हात जोडून सांगतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि माती तिला बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच राहते, भिंत मागून भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर पापडासारखं सुटतं. सोबत भिंतीचीही माती घेऊन येतं. मी अशा भिंती उतरवल्या आहेत. भेगांना गाराच लावा. पांढरी माती, शेण आणि बारीक कापलेलं तणस पाण्यात आठवडाभर मुरू द्या, रोज पायांनी तुडवा, मग भेग ओली करून दोन थरांत भरा. वरून पांढऱ्या मातीच्या पाण्याचा पोतारा.

टिना टाकायचा विचार सोडून द्या. कवेलूचं जे घर आज गार वाटतं तेच घर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, तुम्हाला दुपारी निजू देतं. हे घर पणजोबांनी उन्हाळ्यासाठी बांधलं आहे. गारठा दोन-अडीच महिने, ऊन चार महिने. म्हणून हिवाळ्यासाठी जे कराल ते काढता येणारं असू द्या.

हिटरबद्दल : दोन हजार वॉटचा हिटर तासाला दोन युनिट खातो आणि त्याला साडेआठ-नऊ अँपिअर लागतात. जुन्या घरातलं साधं बटण आणि सॉकेट त्यासाठी नसतं. वायर आतून तापते, वर लाकडी मयाल (तुळई) आणि कोरडे फाटे आहेत. गरम हवा फेकणारा पंखा तर घेऊच नका, ती हवा कवेलूतून जाईल आणि बिल तुमच्याकडे राहील. घ्यायचाच असेल तर एक दांडीचा, हजार वॉटचा, माणसाकडे तोंड करून ठेवायचा. सासूबाईंच्या आंघोळीनंतर अर्धा तास. झोपताना कधीच नाही.

एक शेवटचं. म्हाताऱ्या माणसाला गारठा लागतो तेव्हा ते सांगत नाही. बोलणं जड झालं, ओळखी चुकायला लागल्या, पोटाला हात लावला तरी गार लागतं, आणि थरथर थांबली पण अंग तापलं नाही, तर ती झोप समजू नका. कोरडे कपडे, रजई, शुद्धीत असतील तर कोमट दूध, आणि सरळ दवाखाना. हातपाय जोरात चोळू नका.

प्रश्न : धारणी तालुक्यात शाळेच्या नोकरीसाठी भाड्याने खोली घेतली आहे, वर टिना. पहाटे पांघरुणावर पाण्याचे थेंब पडतात. पाऊस नाही, मग छत गळतं कुठून? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, छत गळत नाही. रात्री उघड्या आकाशाखाली टिन खोलीतल्या हवेपेक्षाही गार होते. तुमचा श्वास, रात्रीच्या भाताची वाफ, दोरीवरचे ओले कपडे यांतली ओल तिला जाऊन चिकटते आणि पहाटे ठिबकते. कपडे बाहेर वाळवा, स्वयंपाक झाल्यावर अर्धा तास खिडकी उघडा. तुमच्या मेळघाटात बांबूला कमी नाही, बुरडाकडून तट्टे विणून घ्या आणि टिनेखाली वीतभर अंतर सोडून बांधा. टिना आणि तट्ट्यांमधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवा, तिथली ओल वाऱ्याने निघून जाते. तट्ट्यावर प्लॅस्टिक अंथरायचा मोह होईल, तो टाळा. थेंब मग त्यावर साचतील. तट्टे उन्हाळ्यातही काढू नका, एप्रिलमध्ये तुम्हाला त्यांची याहून जास्त गरज पडेल.