वाचकांचे प्रश्न : मार खाऊन गप्प बसणं ही हिंमत कशी?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या गुलामगिरीवर लिहिलं होतं, त्यावर खूप मेल आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, पण चार प्रश्न फिरून फिरून आलेत म्हणून तेच घेतेय.

प्रश्न : महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी बंद करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे तेव्हा विषय संपलाच होता ना? मग मार्टिन ल्युथर किंगना ऐंशी-नव्वद वर्षांनी परत कशासाठी लढावं लागलं?

उत्तर : फुल्यांनी लिहिलं तेव्हा तिकडे खरोखर आशा वाटावी असेच दिवस होते. १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामी बंद झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व आलं, १८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपीतून थेट सिनेटमध्ये जाऊन बसले. पण १८७७ मध्ये केंद्राने, गुलामी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढून हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांवरचा लष्कराचा पहारा काढून घेतला आणि मग जुन्या मालकांना रान मोकळं.

तेराव्या दुरुस्तीतच एक फट होती, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल असं त्यात लिहिलेलं आहे. मग काय, कामधंदा नसणं हाच गुन्हा ठरवायचा, माणसाला पकडायचं, दंड भरता आला नाही की कैदी म्हणून खाणीत नाहीतर शेतावर भाड्याने द्यायचं. जमीन कुणाला दिलीच नव्हती, त्यामुळे बहुतेकांनी जुन्या मालकाचीच जमीन बटईने कसायची, बी-बियाणं आणि पीठ-मीठ त्याच्याकडूनच उधार घ्यायचं आणि वर्षाच्या शेवटी हिशोब त्यानेच करायचा, मग डोक्यावरचं कर्ज फिटेल कसं? १८९६ च्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे, वेगळ्या जागा कायदेशीर ठरवल्या. मताचा हक्क कागदावर राहिला, कारण मत द्यायला आधी कर भरा आणि वाचनाची परीक्षा द्या, आणि पास-नापास ठरवणारा गोरा कारकून. मिसिसिपीत १९६४ साली, म्हणजे मताचा हक्क मिळून ९४ वर्षं झाल्यावर, कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम ६.७ टक्के लोकांची नावं मतदार यादीत होती. म्हणून लढावं लागलं.

प्रश्न : १८६० मध्ये जवळपास ४० लाख लोक गुलाम होते असं तुम्ही लिहिलंत. एवढे लोक होते तर उठले का नाहीत?

उत्तर : हा प्रश्न मला जरा टोचला, पण विचारलात ते बरं झालं. उठले ना! १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने उठाव केला, त्यात पंचावन्नच्या आसपास गोरे मारले गेले आणि त्यानंतर उठावाशी काडीचाही संबंध नसलेल्या कितीतरी काळ्या माणसांना जमावांनी ठार केलं, शिवाय गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावरची बंदी आणखी आवळली. बंदुका, न्यायालय, गस्त घालणारे सगळे एका बाजूला, आणि तुमचं पोर कधीही विकलं जाऊ शकतं, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे रोजचा लढा वेगळा होता. काम मुद्दाम हळू करायचं, अवजार मोडायचं, चोरून अक्षरं शिकायची, पळून जायचं. हॅरिएट टबमन स्वतः सुटल्यावर परत परत मेरीलँडला गेल्या आणि १३ एक खेपांत साधारण ७० माणसं सोडवून आणली.

आणि रॉबर्ट स्मॉल्स. हा माणूस लोकांना माहीतच नसतो याचं मला फार वाईट वाटतं. यादवी युद्ध चालू होतं, चार्ल्स्टन बंदरात ‘प्लांटर’ नावाची दक्षिणेच्या सैन्याची बोट होती आणि २३ वर्षांचा हा गुलाम ती चालवायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले असताना, त्याने आणि इतर गुलाम खलाशांनी बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावर लपलेल्या बायका-पोरांना घेतलं आणि स्वतः कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर चढवून कॅप्टनसारखाच उभा राहिला. वाटेत दक्षिणेच्या सैन्याचा फोर्ट सम्टर हा किल्ला, तोफा रोखलेल्या. तिथे ठरलेली शिट्टी ठरलेल्या पद्धतीने वाजवायची असते, ती त्याने बरोब्बर वाजवली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून चादर चढवली, पांढरं निशाण म्हणून, आणि उत्तरेच्या नौदलाला बोट देऊन टाकली. १६ माणसं एका पहाटेत मोकळी झाली. पुढे हा संसदेत निवडून गेला, आणि ज्या घरी तो गुलाम होता तेच घर त्याने विकत घेतलं.

प्रश्न : राग मानू नका, पण समोरचा मारतोय आणि आपण गप्प बसायचं यात कसली हिंमत? किंग आणि त्यांच्या लोकांकडे दुसरा इलाज नव्हता म्हणून ते अहिंसा अहिंसा करत होते असं मला वाटतं.

उत्तर : राग कशाला येईल, मलाही कॉलेजात असताना असंच वाटायचं. पण तुम्ही म्हणताय ते ‘गप्प बसणं’ प्रत्यक्षात कसं होतं ते बघा.

जेम्स लॉसन नावाचा अमेरिकन तरुण कोरियाच्या युद्धाच्या वेळी लष्करात जायला नकार दिला म्हणून १३ महिने तुरुंगात होता. सुटल्यावर १९५३ मध्ये तो आला कुठे, तर आपल्या नागपूरला, हिस्लॉप कॉलेजमध्ये! तीनेक वर्षं होता, गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात) बातमी त्याने नागपुरातच पेपरात वाचली. परत गेल्यावर किंग भेटले, ते म्हणाले थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या. तो नॅशव्हिलला गेला आणि १९५९ मध्ये एका चर्चच्या तळघरात त्याने कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घ्यायला सुरुवात केली.

वर्गात काय, तर खुर्च्या ओळीने मांडायच्या, समजा हा दुकानातला खाण्याचा काउंटर, जिथे काळ्यांना बसू देत नसत. निम्मे जण ग्राहक, निम्मे गुंड. गुंड झालेल्यांनी खरंच शिव्या घालायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे. खाली पडलात तर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला जास्त मार बसायला लागला तर मध्ये कसं जायचं, हे सगळं परत परत करून घ्यायचे, आणि ज्याला आपल्याला राग आवरणार नाही असं वाटेल त्याने काउंटरवर जायचं नाही, दुसरं काम घ्यायचं. आता सांगा, याला गप्प बसणं म्हणायचं का? मला तर हे कवायतीसारखं वाटतं.

१३ फेब्रुवारी १९६० ला शंभरावर पोरं नॅशव्हिलच्या दुकानांत काउंटरवर जाऊन बसली. २७ तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना बेदम मारलं आणि पोलिसांनी अटक कुणाला केली तर मार खाणाऱ्या ८१ जणांना. एक ओळ उचलून नेली की दुसरी ओळ येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. दंड भरायला त्यांनी नकार दिला, तुरुंगात ठेवा म्हणाले. तिकडे शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी ऐन ईस्टरच्या सणाला बाजारातली खरेदीच बंद केली, आणि दुकानदारांना खरा चटका तिथे बसला. १९ एप्रिलला या पोरांच्या वकिलाच्या घरावर पहाटे डायनामाइट टाकलं, त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता महापालिकेपर्यंत चालत गेली आणि तिथे डायन नॅश या २१ वर्षांच्या मुलीने मेयरला सरळ विचारलं की नुसत्या रंगावरून माणसाशी भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं की नाही. तो हो म्हणाला. १० मे पासून सहा दुकानांत काळ्या माणसांना काउंटरवर खायला मिळायला लागलं.

‘दुसरा इलाज नव्हता’ हेही तितकं खरं नाही. जानेवारी १९५६ मध्ये किंगच्या घरावर बाँब पडला, आत बायको आणि तान्ही मुलगी होती, त्यानंतर त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला, पण घरात हत्यारं होती आणि राखणाला माणसं बसायची. म्हणजे किंगसुद्धा जन्मतः अहिंसावादी नव्हते. त्यांनी ते लढता लढता शिकून घेतलं आणि मग घरातली बंदूक काढून टाकली. हे कळल्यावर मला ते जास्त जवळचे वाटायला लागले.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. शाळेत तिला रोझा पार्क्सचा धडा होता, की दमलेल्या होत्या म्हणून बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीटवरून उठल्या नाहीत. ती विचारते, एका बाईच्या दमण्याने एवढं कसं झालं?

उत्तर : मुलीला सांगा, तुझी शंका बरोबर आहे. दमल्या वगैरे काही नव्हत्या, त्यांनी स्वतःच सांगितलंय की दमले होते ते फक्त मान तुकवून. बारा वर्षं त्या नागरी हक्कांच्या संघटनेचं काम करत होत्या, आणि त्यांना १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीत अटक झाली त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्या मशिनवर हजारो पत्रकं छापली, सोमवारी बसमध्ये बसू नका म्हणून. ती तयारी आधीपासून होती, तेव्हा तर एका दिवसाचा बंद ३८१ दिवस चालला. टॅक्सीवाले बसच्या भाड्यात म्हणजे १० सेंटमध्ये लोकांना सोडायचे, ते सरकारने बंद पाडलं तर लोकांनी स्वतःच्या गाड्या काढल्या. पेट्रोलचे पैसे? जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी घरी चिकन, केक आणि ‘पाय’ (pie) हा सारण भरून भाजलेला पदार्थ करून विकायच्या आणि पैसे आंदोलनाला द्यायच्या. कुणी विचारलं पैसे कुठून आले तर उत्तर ‘कुठूनच नाही’, म्हणून त्या मंडळाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ पडलं. कारण यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव बाहेर आलं तर नोकरी गेली असती.

आणि तिला क्लॉडेट कॉल्विनबद्दल जरूर सांगा, कारण ती तिच्याच वयाची होती. रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात शाळेतून घरी जाताना ती बसमधल्या सीटवरून उठली नाही. पोलिसांनी ओढत बाहेर काढलं, बेड्या घातल्या, मोठ्या बायकांच्या कोठडीत टाकलं. नेत्यांनी तिला पुढे केलं नाही, वय लहान, घर गरीब, लोक काय म्हणतील, आणि पुढे ती गरोदर राहिली. मला हे आजही खटकतं. पण बसमधली वेगळी बसण्याची पद्धत ज्या खटल्यामुळे बेकायदा ठरली त्यात चार बायका होत्या, रोझा पार्क्स त्यात नव्हत्याच, क्लॉडेट होती, आणि भर कोर्टात तिने साक्ष दिली.

तिच्या नावावर पोलिसाशी झटापट केल्याचा गुन्हा मात्र तसाच राहिला होता. २०२१ मध्ये तिने अर्ज केला आणि माँटगोमेरीच्या न्यायाधीशांनी तो रेकॉर्ड पुसून टाकायचा आदेश दिला. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.