परदेशात एडटेक (शिक्षणाचं ॲप किंवा सॉफ्टवेअर) नेताय? आधी एवढं बघा

उडी घ्या, पण एकदम पाच देशांची स्वप्नं नकोत. एकच देश निवडा आणि पैसे कोण देणार ते आधी ठरवा: पालक, शाळा की सरकार. नवखे इथेच फसतात. डेमोला शिक्षिका खूश होते, ‘वर्गात उद्यापासून वापरते’ म्हणते, पण खरेदीची सही तिच्या हातात नसते!

शाळांना विकणार असाल तर त्यांचं कॅलेंडर पाठ करा. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. बजेट त्याच्या बरंच आधी ठरतं. ते हुकलं की बसा वर्षभर.

मुलांच्या डेटाबाबत हयगय नको. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी कोपा कायदा आहे, युरोपात जीडीपीआर हा सगळ्यांच्याच वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. जीडीपीआरचा दंड २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. तिथल्या वकिलाच्या फीत काटकसर करू नका. आणि धोरणंही उलटतात: चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावायलाच मनाई केली.

ऑफिस, भरती वगैरे नंतर. आधी दोन-तीन शाळांत एक सत्र चालवा, तेही पैसे घेऊन. फुकटच्या पायलटला, म्हणजे छोट्या चाचणीला काय, सगळेच हो म्हणतात.