स्क्रू, प्लेन, एचएमएस : कोणता कॅराबिनर कशाला?

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी रविवारी मुंब्र्याच्या कातळावर प्रस्तरारोहण शिकायला जाते. सरांच्या यादीत एक एचएमएस, दोन स्क्रू आणि दोन प्लेन कॅराबिनर (दोरी अडकवायच्या धातूच्या कड्या) आहेत. बॅगेला अडकवायचे कॅराबिनर बाजारात अगदी स्वस्त मिळतात, दिसतातही तसेच. ते चालतील का? आणि पाचही एकाच प्रकारचे घेतले तर?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, तो स्वस्तातला कॅराबिनर पाण्याच्या बाटलीला लावा. मुलीच्या हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्यांना) तो सरावापुरताही लागू देऊ नका. तो किती भार पेलेल, हे कुणीच तपासलेलं नसतं.

चढाईचा कॅराबिनर दुकानात हातात घ्या आणि त्यावर कोरलेलं वाचा. लांबीतला भार, आडवा भार आणि गेट, म्हणजे दाबून उघडायची दांडी, उघडं असतानाचा भार, असे तीन आकडे किलोन्यूटनमध्ये दिलेले असतात. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचं वजन. ईएन 12275 हे युरोपीय मानक सांगतं, की साध्या कॅराबिनरने गेट बंद असताना लांबीत किमान 20 किलोन्यूटन पेलायला हवेत. तोच आडवा ओढला गेला किंवा त्याचं गेट उघडं राहिलं, तर अपेक्षा फक्त 7 ची. म्हणजे वस्तू तीच, पण जवळपास दोन तृतीयांश ताकद गेली! इतके प्रकार निघाले ते मुख्यतः यामुळेच.

प्लेनला कुलूप नसतं. वर चढत जाताना क्विकड्रॉमध्ये (पट्टीने जोडलेल्या दोन कॅराबिनरच्या जोडीत) दोरी एका हाताने झटकन अडकवायची असते, तिथे तो हवा. झटक्याने गेट क्षणभर उघडू शकतं. तारेचं गेट हलकं असल्यामुळे ते कमी उघडतं, म्हणून मला तेच पसंत. आकार इंग्रजी डी अक्षरासारखा असावा, म्हणजे भार गेटपासून दूर, कण्याच्या, म्हणजे समोरच्या सलग बाजूला जातो.

जिथे सगळा जीव एकाच कॅराबिनरवर असतो, तिथे मात्र स्क्रूच, म्हणजे गेटवरचा आटा फिरवून कुलूपबंद होणारा. बिले देताना (जोडीदाराची दोरी सांभाळताना), रॅपलिंगला (दोरीवरून खाली उतरताना), अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) स्वतःला अडकवताना. स्क्रू फिरवून झाला की गेट दाबून बघायचं, दर वेळी, जोडीदाराचंही. रॅपलिंगला धावती दोरी स्क्रूवर घासली तर तो उलटा फिरून उघडू शकतो, हे मुलीला मुद्दाम सांगा. आपोआप बंद होणारेही मिळतात, पण त्यांच्या गेटमध्ये माती गेली की ते नीट मिटत नाहीत. शिकताना साधा स्क्रू बरा.

एचएमएस हाही कुलपाचाच, पण एका टोकाला चांगला रुंद. मुंटर हिच ही बिलेसाठीची गाठ दोरी ओढताना एका बाजूची दुसऱ्या बाजूला पलटते, तिला तेवढी जागा लागते. बिले डिव्हाइसही (दोरी रोखून धरायचं साधन) त्यात मोकळं बसतं.

ओव्हल यादीत नाही, तो राहू द्या. तो कप्पीसाठी छान, पण त्यात भार दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून मानकातही त्याला 18 च.

खर्चाचा प्रश्न असेल, तर एचएमएस आणि स्क्रू आधी घ्या. प्लेनची गरज ती लीड करायला, म्हणजे स्वतः दोरी अडकवत पुढे चढायला लागल्यावर. वापरलेला, कुणाकडून आलेला कॅराबिनर नको. त्याने काय काय सोसलंय ते कळत नाही. आपल्याकडे खाडीची दमट हवा, तेव्हा अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. दोरीने घासून एक मिलिमीटरच्या आसपास खाच पडली, की तो बाद.